‘सांगता येत नाही’ या उत्तराला किती मार्क?

संपादक महोदय, नमस्कार,

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर शाळेत क्रिटिकल थिंकिंग म्हणजे चिकित्सक विचार शिकवा अशी मागणी करणारी दोन पत्रं लागोपाठ आली. मागणीबद्दल माझं काही म्हणणं नाही, शिकवायलाच पाहिजे. पण दोघांनीही शेवटी जो उपाय सांगितलाय, वेगळा विषय करा, आठवड्याला दोन तास द्या आणि वर्षाच्या शेवटी त्याचा पेपर घ्या, तो वाचून पोटात गोळा आला. मी 22 वर्षं शिकवतेय आणि जवळपास तेवढीच वर्षं गठ्ठे तपासतेय, पेपर आला की त्या विषयाचं काय होतं ते मला चांगलंच माहितीये कारण ते करणाऱ्यांत मी पण आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मुलीचा किस्सा कापू नका.

तोच आधी सांगते. सातआठ वर्षांपूर्वी आठवीच्या पेपरात चार मार्कांचा एक प्रश्न होता. ‘एका पाहणीत असे दिसले की ज्या मुलांच्या घरात पुस्तके जास्त, त्यांना परीक्षेत गुणही जास्त. यावरून तुम्ही काय निष्कर्ष काढाल?’ प्रश्न ‘विचारप्रवर्तक’ या खात्यात घातलेला, त्यामुळे आम्ही सगळे स्वतःवर खूश. सोबत आदर्श उत्तर आलेलं, वाचनाने शब्दसंपत्ती वाढते, आकलन वाढते, एकाग्रता वाढते, म्हणून गुण वाढतात, चार मुद्दे चार मार्क. गठ्ठ्यात बहुतेकांनी तेच लिहिलेलं, काहींनी तर वाचनाचे महत्त्व हा पाठ केलेला निबंधच तिथे ओतलेला. आणि एका मुलीने तीन ओळी लिहिल्या होत्या. ‘यावरून नक्की सांगता येत नाही. ज्यांच्या घरी पुस्तकं जास्त त्यांचे आईवडील शिकलेले असतील आणि तेच अभ्यास घेत असतील. पुस्तकं कोणी उघडतं का ते पाहणीत दिलेलं नाही.’ मी तिला एक मार्क दिला. तो एक तरी कशाला दिला, तर अक्षर चांगलं होतं आणि काहीतरी लिहिलंय म्हणून.

रात्री दिवा घालवल्यावर डोक्यात आलं की अख्ख्या गठ्ठ्यात त्या प्रश्नावर विचार फक्त तिने केला होता, आणि त्या प्रश्नात सगळ्यात कमी मार्क तिलाच पडले होते. सकाळी उठून बदलले का? नाही बदलले. आदर्श उत्तरात ते बसत नव्हतं, उद्या मॉडरेशनला, म्हणजे तपासलेले पेपर वरचे लोक परत बघतात तेव्हा, कोणी विचारलं तर काय सांगू हा विचार आधी आला. मुलांचा चिकित्सक विचार मोजायला बसलेल्या बाईंची ही अवस्था.

आता गंमत बघा. तिने जे लिहिलं ते या विषयातल्या जुन्यात जुन्या टेस्टपैकी एकीत चक्क छापील पर्याय म्हणून असतं. वॉटसन आणि ग्लेसर या दोघांच्या नावाची अमेरिकन टेस्ट आहे, त्यातल्या ग्लेसरने 1941 मध्येच शाळेतल्या मुलांना असा विचार शिकवून बघायचा प्रयोग छापला होता, आणि ती टेस्ट सुधारत सुधारत आजही चालू आहे, कायद्याच्या कंपन्या नोकरीवर घेताना वापरतात. त्यातल्या एका भागात छोटा उतारा असतो, खाली निष्कर्ष असतात आणि प्रत्येक निष्कर्षापुढे पाच पर्याय असायचे, खरा, बहुधा खरा, माहिती अपुरी, बहुधा खोटा, खोटा. तो मधला पर्याय बघा. ‘माहिती अपुरी’ हे तिथे बरोबर उत्तर असू शकतं आणि त्याला मार्क मिळतो. आमच्या पेपरात 22 वर्षांत एकदाही मी असा प्रश्न पाहिला नाही ज्याचं बरोबर उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ असं असेल. तुम्ही पण तुमचे शाळेचे पेपर आठवून बघा.

याचा परिणाम काय होतो ते 1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गणित शिक्षणवाल्यांनी मस्त दाखवलंय. त्यांनी लहान वर्गातल्या मुलांना विचारलं, जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 मुलांपैकी 76 जणांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं. मी हा प्रश्न सहावीच्या वर्गात सकाळच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिला, काही न बोलता. बहुतेकांचं 36 आलं. मागच्या बाकावरच्या एकाला विचारलं बेरीजच का केलीस, तर म्हणाला, ‘बाई आधी वजाबाकी केली ती 16 आली, पण सोळा वर्षांचा कप्तान कसा असेल, म्हणून मग बेरीज केली.’ या पोराने विचार केला नाही असं कोण म्हणेल? केला की, चांगला केला, उत्तर पटतंय का ते पण तपासलं! फक्त बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतंच, त्यावर शंका घ्यायची नाही, हा नियम पाळून केला. तो नियम त्याला कोणी शिकवला, तर आम्हीच, पाच वर्षं रोज, प्रत्येक गणिताला उत्तर ठेवून आणि दिलेला प्रत्येक आकडा वापरायला लावून.

मोठ्या मुलांची पण तीच तऱ्हा. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला देशपातळीवरच्या चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना गणित होतं, एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, 1128 सैनिकांना न्यायला किती बस लागतील? भागाकार 70 टक्के मुलांना बरोबर आला. पण 29 टक्के मुलांनी लिहिलं ‘31 बाकी 12’, आणखी 18 टक्क्यांनी नुसतं 31, आणि 32 बस हे उत्तर फक्त 23 टक्क्यांचं. म्हणजे बारा सैनिक रस्त्यावर उभे आणि गणित पूर्ण. हे वाचून मी हसले होते, मग माझ्याच वर्गाच्या जुन्या वह्या काढून बघितल्या आणि हसायची बंद झाले, एकीत तर ‘साडेचार माणसे’ या उत्तराला मी स्वतः लाल पेनाने बरोबरची खूण केलेली होती.

बरं, हा चिकित्सक विचार म्हणजे नक्की काय यावर पण लोकांनी बराच घोळ घालून मग एक मार्ग काढलाय. 1990 मध्ये अमेरिकेत फॅशिओन नावाच्या प्राध्यापकांनी 46 तज्ज्ञांना फेऱ्याफेऱ्यांनी प्रश्न पाठवून एक व्याख्या जुळवून आणली. त्यात सहा कौशल्यं आहेत, अर्थ लावणं, सुटं सुटं करून बघणं, पारखणं, निष्कर्ष काढणं, समजावून सांगणं आणि सहावं म्हणजे स्वतःच्याच विचारावर लक्ष ठेवून तो दुरुस्त करणं. मला हे सहावं सगळ्यात आवडतं आणि पेपरात तेच सगळ्यात कमी दिसतं कारण खाडाखोड केली की आम्ही नीटनेटकेपणाचा मार्क कापतो (खरंच कापतो). शिवाय त्या तज्ज्ञांनी असंही म्हटलं की कौशल्य वेगळं आणि वृत्ती वेगळी. येतं सगळं पण करायची इच्छा नाही असा माणूस असतो. वृत्ती मोजायच्या पण प्रश्नावल्या निघाल्यात, त्यात ‘मी दुसऱ्याचं मत मोकळेपणाने ऐकतो’ अशी वाक्यं असतात आणि पुढे सहमत असहमत टिक करायचं. आता असहमत कोण करणार? मी ओळखते त्या सगळ्यात हट्टी माणसाने पण सहमतच केलं असतं.

आता वेगळ्या विषयाचं बघू. यावर दोन टोकाची मतं आहेत आणि भांडण जुनं आहे. एनिस नावाचे तत्त्वज्ञ म्हणत आले की काही सामान्य नियम सगळीकडे लागू पडतात आणि ते उघडपणे शिकवता येतात, तर मॅकपेक यांनी 1981 मध्ये म्हटलं की विचार नेहमी कशाबद्दल तरी असतो, नुसता ‘विचार’ शिकवणं म्हणजे कशाबद्दलही न लिहिता लिहायला शिकवण्यासारखं. मॅकपेक साहेबांच्या बाजूने बोलणारा एक प्रयोग आहे जो मी स्टाफरूममध्ये पण केलाय. टेबलावर चार कार्डं, अ, क, 4, 7. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम आकडा असलाच पाहिजे. नियम मोडलाय का ते बघायला कोणती कार्डं उलटवाल? बहुतेक जण अ आणि 4 म्हणतात. बरोबर आहे अ आणि 7, कारण 4 च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, पण 7 च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. पीटर वेसन यांनी 1966 मध्ये हे कोडं आणलं आणि अशा कोरड्या रूपात ते दहातल्या एखाद्यालाच जमतं. आमच्या स्टाफरूममध्ये अकरा जणांत एकाला जमलं, गणिताच्या सरांना नाही, सर अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत.

पण 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तेच कोडं असं विचारलं, बिअर पीत असेल तर वय 19 च्या वर पाहिजे, आणि समोर चार माणसांची चार कार्डं, बिअर, कोक, वय 22, वय 16. आता तुम्ही पोलीस आहात, कोणाला तपासाल? सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी लगेच बरोबर सांगितलं, बिअरवाला आणि सोळावाला. तर्क तोच, अक्षरशः तोच, फक्त गोष्ट ओळखीची झाली. म्हणून वेगळ्या तासात कोडी घालून आणि तर्कदोषांची नावं पाठ करून घेऊन मूल इतिहासाच्या पुस्तकाला किंवा फोनवर आलेल्या मेसेजला प्रश्न विचारायला लागेल ही आशा मला फार पातळ वाटते.

पण मग नुसता विषय नीट शिकवला की विचार आपोआप येतो असं म्हणणारे जे माझे सहकारी आहेत, त्यांनाही आकडे साथ देत नाहीत. 2008 मध्ये अब्रामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकित्सक विचार शिकवून बघणारे 117 अभ्यास एकत्र करून बघितले, एकूण वीस हजारांवर विद्यार्थी. सरासरी फायदा निघाला संशोधकांच्या मापात 0.34, म्हणजे सोप्या भाषेत शंभरांत मधोमध पन्नासाव्या जागी असलेलं मूल साधारण 63 व्या जागी सरकलं. चमत्कार नाही पण फुकटही नाही. आणि सगळ्यात कमी फायदा कुठे तर जिथे विषय शिकवला पण विचाराचे नियम मुलांना उघडपणे सांगितलेच नाहीत तिथे, सगळ्यात जास्त जिथे नियम वेगळे काढून पण शिकवले आणि विषयात पण वापरायला लावले तिथे. आणखी एक, शिक्षकांना आधी नीट ट्रेनिंग दिलेलं असलं की परिणाम मोठा, नुसतं अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत वाक्य घातलं की जवळपास काही नाही. हे वाचून मी माझं मत थोडं बदललंय, वेगळ्या तासाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वेगळ्या पेपरला.

शिकवता येतं याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण इंटरनेटचं आहे. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी 45 लोकांना अनोळखी वेबसाइट दाखवून विचारलं ही भरवशाची आहे का. त्यात 10 इतिहासाचे अभ्यासक, 10 फॅक्टचेकर आणि 25 त्यांच्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या पानावरच थांबले, वरपासून खालपर्यंत वाचलं, लोगो बघितला, भाषा किती शास्त्रीय आहे ते बघितलं, आणि बरेच फसले. फॅक्टचेकरांनी काय केलं तर काही सेकंदांत ते पान सोडलं, शेजारी दोनचार टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघितलं, मग परत आले. कमी वाचून जास्त बरोबर! आम्ही मुलांना आयुष्यभर सांगतो उतारा काळजीपूर्वक वाचा, आणि इथे काळजीपूर्वक वाचणाराच अडकतो. ही सवय मुलांना थोड्या तासिकांत शिकवून फरक पडतो हे पण त्यांच्याच पुढच्या अभ्यासांत दिसलंय. मी माझ्या वर्गात केलं तेव्हा पहिल्या दिवशी पोरं म्हणाली बाई हे चीटिंग आहे ना, पान सोडून दुसरीकडे बघायचं.

आता मोजायचं कसं, जो माझा खरा धंदा.

पहिली अडचण आम्ही स्वतः. 1912 आणि 1913 मध्ये स्टार्च आणि इलियट या दोघांनी एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांना तपासायला पाठवली होती. इंग्रजीच्या पेपरला शंभरपैकी 50 पासून वर 97 पर्यंत मार्क पडले. लोक म्हणाले भाषेत असं होणारच. मग त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, त्याला 28 पासून 95! एकच पेपर. कोणी म्हणेल शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तर मागच्या दिवाळी सुट्टीत मी माझ्याच तपासलेल्या दहा पेपरांतल्या मोठ्या उत्तरांच्या झेरॉक्स मार्क झाकून परत तपासल्या आणि दहापैकी सहांत माझे मार्क बदलले, एकात तर पाचपैकी दोनचे चार झाले. कारण शोधलं तर पहिल्या वेळी ते उत्तर एका फार सुंदर उत्तराच्या लगेच नंतर आलं होतं, एवढंच.

यावर उपाय म्हणून पर्यायी प्रश्न आणतात, टिक करा, मशीन तपासेल, सगळ्यांना सारखा न्याय. न्याय सारखा, मान्य, पण पर्याय समोर दिसले की चूक ओळखणं सोपं होतं आणि आयुष्यात पर्याय कोणी छापून देत नाही. हॅल्पर्न नावाच्या बाईंच्या टेस्टमध्ये म्हणून एक छान युक्ती आहे, आधी प्रसंग देऊन मोकळं उत्तर लिहून घेतात, आणि मग त्याच प्रसंगावर पर्याय देतात, म्हणजे आपणहून सुचणं वेगळं कळतं आणि दाखवल्यावर ओळखणं वेगळं. मी हे युनिट टेस्टमध्ये करून बघितलं. पुस्तकांसारखाच प्रश्न दिला, ज्या भागात डॉक्टर जास्त तिथे आजारी लोकांची नोंद पण जास्त, यावरून काय म्हणाल. मोकळ्या उत्तरात 38 पैकी पाच जणांनी दुसरं कारण असू शकतं असं लिहिलं, आणि पर्याय दिल्यावर 24 जणांनी बरोबर टिक केलं. आता या वर्गाला चिकित्सक विचार येतो म्हणायचं की नाही? पाच म्हणायचे की चोवीस? नुसता पर्यायी पेपर काढला असता तर मी चोवीसचा आकडा घेऊन मिरवलं असतं.

दुसरी अडचण जास्त मोठी आणि ती म्हणजे प्रश्न फुटणं. पेपर फुटणं नाही म्हणत मी, प्रश्नाचा साचा फुटणं. 2005 मध्ये फ्रेडरिक यांनी तीन छोट्या प्रश्नांची एक टेस्ट काढली, पहिलं मनात आलेलं उत्तर थांबवता येतं का हे बघायला. त्यातला एक प्रश्न, तळ्यातली कमळाची पानं रोज दुप्पट होतात, 48 दिवसांत अख्खं तळं भरतं, तर अर्धं तळं किती दिवसांत? तोंडातून 24 येतं आणि उत्तर 47. त्यांनी तीन हजारांवर लोकांना ही टेस्ट दिली होती, तिन्ही बरोबर आलेले फक्त 17 टक्के आणि एकही न आलेले 33 टक्के. इतकी सुंदर टेस्ट, पण ती इतकी गाजली की आता ते प्रश्न सगळीकडे कोडी म्हणून फिरतात, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी रील्सवर बघितलेत. ‘बाई 47, हे माहितीये.’ कसं आलं विचारलं की गप्प. थांबून विचार करतो का हे मोजणारा प्रश्न त्यांच्यासाठी पाठांतराचा झाला. तीन प्रश्नांचं हे झालं तर दरवर्षीच्या पेपराचं काय होईल? पहिल्या वर्षी गोंधळ, दुसऱ्या वर्षी गाईड, तिसऱ्या वर्षी क्लासवाले ‘चिकित्सक विचार, 10 हमखास प्रश्न’ काढणार आणि त्यात लिहिलेलं असणार की निष्कर्षाच्या प्रश्नाला ‘परंतु याची इतर कारणेही असू शकतात’ हे वाक्य लिहावे, एक गुण हमखास. माझ्या त्या मुलीचं वाक्य सगळी मुलं लिहितील आणि एकालाही ते सुचलेलं नसेल. आणि मी मुकाट्याने मार्क देईन.

तिसरी एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात टोचते. हुशार असणं आणि निष्पक्ष असणं यांचा एकमेकांशी आपल्याला वाटतं तेवढा संबंध नाही. 2013 मध्ये येलच्या काहान यांनी लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना सांगितलं हा त्वचेच्या क्रीमचा आहे, काहींना सांगितलं हा बंदुकीच्या बंदीचा आणि गुन्ह्यांचा आहे, आकडे तेच. क्रीमच्या तक्त्यात गणितात चांगले असलेल्यांनी चांगला निष्कर्ष काढला, अपेक्षेप्रमाणे. पण बंदुकीच्या तक्त्यात त्याच चांगल्या गणितवाल्यांचं गणित तेव्हाच नीट चाललं जेव्हा उत्तर त्यांच्या राजकीय मताला धरून होतं, आणि दोन बाजूंमधलं अंतर गणित येणाऱ्यांतच जास्त रुंद निघालं. म्हणजे आपण मुलांना धारदार सुरी देतोय आणि ती ते फक्त समोरच्यावर चालवणार. म्हणून मला वाटतं चाचणीत असे प्रश्न पाहिजेत जिथे बरोबर वाचन मुलाच्या आवडीच्या विरुद्ध जातं. शाळेने मोबाइल बंद करावा का यावर मत लिही म्हटलं की अख्खा वर्ग एका बाजूला, कारणं धो धो. त्याऐवजी मी आता विचारते, तुझ्या विरुद्ध बाजूचं सगळ्यात भक्कम कारण लिही, इतकं भक्कम की त्या बाजूचा माणूस म्हणेल हो हेच मला म्हणायचं होतं. पाच मार्क त्याचे, स्वतःच्या मताला शून्य मार्क. पहिल्यांदा केलं तेव्हा एका मुलाने लिहिलं, ‘ज्यांना अक्कल नाही ते म्हणतात मोबाइल बंद करा.’ त्याला म्हटलं, तुझा बाबा हे वाचून म्हणेल का की हेच मला म्हणायचं होतं? चौथ्या वेळेला त्याने बऱ्यापैकी लिहिलं. चार वेळा लागल्या.

घरी करून आणायच्या प्रकल्पाबद्दल मी काहीच लिहीत नाही, चॅटबॉट आल्यापासून ते मेलेलंच आहे. त्याऐवजी दोन मिनिटं समोर उभं करून ‘हे तुला कशावरून वाटलं, आणि काय दिसलं तर तू मत बदलशील’ एवढं विचारते. साठ मुलांच्या वर्गात दोन मिनिटं म्हणजे दोन तास, महिन्यातून एकदा जमतं. दमायला होतं. पण एखादी लाजाळू मुलगी जी पेपरात चार ओळी लिहीत नाही ती इथे पटकन सांगते की बाई हे मला आधी खरं वाटलं पण मग दादा म्हणाला आणि मग मी परत बघितलं. ते ‘परत बघितलं’ ऐकलं की मी खूण करते, एवढीच माझी रुब्रिक, म्हणजे मार्क द्यायची मोजपट्टी. हे मार्क निकालात धरत नाही, धरले की त्याचं पण पाठांतर होईल.

तर त्या दोन पत्रलेखकांना माझं सांगणं इतकंच की चिकित्सक विचाराचा पेपर मागण्याआधी आहेत त्या पेपरांत दरवेळी एकदोन प्रश्न असे घाला ज्यांचं उत्तर त्या माहितीवरून निघत नाही, आणि कोणता ते आधी सांगू नका. गणितात घाला, भूगोलात घाला, विज्ञानात तर घालाच. आदर्श उत्तरासोबत तपासणाऱ्याला लिहून द्या की यात नसलेलं पण कारणासह आलेलं उत्तर पूर्ण मार्कांना पात्र आहे, आणि शंका आली तर दोघांनी मिळून तपासा. पैसा लागत नाही, नवीन पुस्तक लागत नाही. तपासायला वेळ दुप्पट लागेल, तो मात्र द्यावा लागेल, एका दिवसात साठ पेपर उरका म्हणाल तर मी परत अक्षर बघूनच मार्क देणार.

तो पुस्तकांचा प्रश्न आणि तिचं ते उत्तर मी वहीत उतरवून ठेवलंय. गेल्या वर्षी तपासनीसांच्या एका मीटिंगमध्ये नाव गाव न सांगता ते फळ्यावर लिहिलं आणि चौदा जणांना चारपैकी मार्क द्यायला सांगितले, चिठ्ठीवर, एकमेकांचं न बघता. दोघांनी शून्य दिले, पाच जणांनी एक, तिघांनी दोन, चौघांनी चार. तीन कोणीच दिले नाहीत. मग अर्धा तास आमची जी काही वादावादी झाली ना, एका सरांनी उठून मत बदललं, एका बाईंनी चाराचे दोन केले आणि कारण इतकं चांगलं दिलं की मला पण उत्तर सुचेना, त्यांचं म्हणणं होतं की दुसरं कारण सुचवलं हे ठीक पण ते तपासायचं कसं हे मुलीने लिहिलेलं नाही. पुढचा विषय घ्यायला उशीर होतोय म्हणून शेवटी अध्यक्षांनी थांबवलं आणि विचारलं, ‘ते सगळं राहू दे, यात बरोबर उत्तर काय धरायचं ते सांगा.’

आपली,
एक शिक्षिका